सात नंबरची काठी आणि सुकेळीचा डबा

गोल्फ हा खेळ आहे असं कोणी म्हणालं की मी त्या माणसाकडे एकदा नीट बघून घेते. चेंडू जागच्या जागी पडलेला असतो. तो कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही, मारणाऱ्याला हवा तेवढा वेळ असतो, आणि तरीही तो चुकतो. चुकला की गवताकडे रागाने बघतो. वसईकडच्या आमच्या निर्मळच्या वाडीत एखादा गडी कोयता हातात घेऊन केळीपुढे इतका वेळ उभा राहिला असता, तर आईने त्याला दुपारच्या जेवणापर्यंतही ठेवला नसता. असला खेळ शिकायला मी पन्नाशीला टेकताना निघाले, आणि त्यासाठी काठ्यांचा पूर्ण सेट विकत घ्यावा की नाही यावर आमच्या घरात दिवाळीच्या आधीपासून खल चालला होता.

हौस नव्हती. कारण सरळ होतं. अंधेरीच्या एका औषध कंपनीत मी खरेदी विभागात आहे, केस काळे होते तेव्हापासून. विभागप्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोनच नावं होती. एक माझं. दुसरं माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचं, ज्यांना कोटेशन कसं वाचायचं ते मीच शिकवलं होतं. ठरवणार होते मोठे साहेब, आणि मोठे साहेब दर रविवारी गोल्फ खेळायचे. शेजारच्या टेबलाने त्या गणपतीतच नवाकोरा सेट घेतला. ‘मॅडम, हा खेळ नाहीये, नेटवर्किंग आहे,’ असं तो मला डबा खाताना समजावून सांगायचा. चेंडू कुठे जातो याचं त्याला काही पडलेलं नव्हतं, साहेब कुठे जातात एवढंच बघायचं होतं. निदान त्याबाबतीत तो प्रामाणिक होता.

मला बोलावणं आलं ते साहेबांच्या केबिनमध्ये. त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या टेबलावर गेल्या हंगामातल्या सुकेळीची पुडी ठेवली होती. सुकेळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, संध्याकाळी घरात घ्यायची, आणि मधासारखी झाली की केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. आईला या वयातही घराबाहेरच्या कोणाने उलटलेली चालत नाही. आमच्या घरात एक रीत आहे, कोणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. साहेबांकडे सुट्टीचा अर्ज घेऊन जायचं असलं तरी हातात काहीतरी हवं. मी ती रीत आजवर मोडली नव्हती.

साहेबांनी एक सुकेळं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीपण या ना एखाद्या रविवारी. आम्ही सगळे असतो. आणि स्वतःचा सेट घेऊन टाका. भाड्याच्या काठ्या घेऊन आलेला माणूस पाहुणा वाटतो.’

मी बाहेर आले ती हवेत. इतकी वर्षं ज्या माणसांना मनातल्या मनात मूर्ख म्हणत आले, त्यांनी बोलावलं म्हणून मला उकळ्या फुटत होत्या. हे लिहिताना माझाच मला राग येतो, पण तसं झालं खरं.

घरी नवऱ्याला सांगितलं. आम्ही नायगावला राहतो, खाडीच्या अंगाला उभ्या झालेल्या त्या नव्या टॉवरांपैकी एकात. नवरा मूळचा साताऱ्याकडचा, सरकारी नोकरीतला. छताचा पंखा घ्यायचा असला तरी तो चार दुकानं फिरतो आणि शेवटी पहिल्याच दुकानात जातो. त्याला गोल्फचा सेट म्हणजे पर्वणीच. त्याने रात्रीचं जेवण होईपर्यंत इतके व्हिडिओ पाहिले की झोपताना मला म्हणाला, ‘अगं, प्रश्न ग्राफाइट की स्टील असा आहे.’ मी म्हटलं, ‘प्रश्न खुर्ची की स्टूल असा आहे.’ त्याला ते ऐकू गेलं नाही. तो दांड्यांचं वजन वाचत होता.

पहिल्या शनिवारी आम्ही मुंबईत एका दुकानात गेलो. विक्रेत्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आतून एक गुलाबी पिशवी काढून आणली. ‘लेडीज सेट, मॅडम. एकदम लाइट.’ मी लहानपणापासून केळीचे घड डोक्यावरून वाहिले आहेत. मला वजनाची काळजी करणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. त्याने सांगितलं, नवशिक्याने पूर्ण सेट घेतला नाही तर हाताला वाईट सवय लागते. किंमत सांगितली तेव्हा नवरा म्हणाला, यात एक स्कूटर येईल. विक्रेता हसला. स्कूटरवर बसून येणारं गिऱ्हाईक त्याला नको होतं.

मग सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी विचारलं, कोणाकडे जुना सेट आहे का. ग्रुपवर एरवी पाणी गेलं की भांडणं आणि सकाळी फुलांचे फोटो, एवढंच असतं. त्या दिवशी मात्र घराघरातून काठ्या निघाल्या. लॉकडाऊनमध्ये कोणीतरी सगळ्यांना हे वेड लावलं होतं म्हणे. एकाचा सेट दारामागे उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत होते. एकाच्या बायकोने मोठी काठी माळ्यावरची बॅग ओढायला ठेवली होती. सगळ्यांनी तेच सांगितलं, ‘एकदाच वापरलाय, मॅडम.’ एकदाच वापरून टाकून देतात तो खेळ कसा असेल याचा मी अंदाज बांधायला हवा होता. सी विंगमधले जहाजावरचे एक गृहस्थ जरा बरे निघाले. सेट विकायला ते तयार नव्हते, पण त्यातली एक काठी वापरायला दिली. सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची. ‘आधी हिने शिका,’ म्हणाले, ‘आणि प्लीज, खराब करू नका.’ घरात सडत पडलेली वस्तू उसनी देताना माणूस किती जपतो.

काठी न्यायला पिशवी नव्हती, म्हणून मी ती योगाच्या चटईच्या पिशवीत घातली आणि रविवारी सकाळी आम्ही कळंबच्या समुद्रावर गेलो. ओहोटी होती, किनारा लांबच लांब उघडा पडला होता. किनाऱ्यावरच्या कॉटेजमधले मुंबईकर अजून झोपलेले. नवऱ्याने व्हिडिओत पाहून पाय कुठे, खांदा कुठे ते सांगितलं. तो स्वतः लांब उभा राहून मोबाइलवर माझं शूटिंग घेत होता. मी काठी उचलली आणि मारली. चेंडू तिथेच राहिला. वाळू मात्र दूरवर गेली, थोडी माझ्या तोंडात आली. पुन्हा मारली, पुन्हा वाळू. नवरा म्हणाला, ‘तू खणतेयस.’ हे मला दिसत नव्हतं असं नाही.

मग एक चेंडू लागला, पण तिरका. वर उड्या मारत गेला आणि जिथे कोळणींनी बोंबील वाळत घातले होते त्या दोरीखाली जाऊन थांबला. तिथली एक बाई तो बोटांत धरून माझ्याकडे आली.

‘कोनाचा ह्यो?’

मी म्हटलं, माझा.

तिने काठीकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. ‘येवढी मोठी बाई तू, आनि वालूत काय उकरत बसलीस? आमचा म्हावरा सुकतोय हितं. पानी गेलंय लांब, तिकडे जा आनि तिकडे ठोक.’

तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. आम्ही पाण्याच्या कडेला गेलो, जिथे वाळू ओली आणि घट्ट होती. तिथे, कितव्या प्रयत्नात कोण जाणे, काठी चेंडूला बरोबर लागली. आवाज वेगळाच आला. हाताला काही लागल्यासारखं जाणवलंच नाही, आणि चेंडू वर वर जात समुद्रावर गेला. मला इतका आनंद झाला की मी ओरडले. वय, ऑफिस, साहेब, खुर्ची, सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. नवऱ्याचं रेकॉर्डिंग नेमकं बंद होतं.

त्यानंतर मी शिकवणी लावली. मुंबईत ड्रायव्हिंग रेंज नावाचं एक ठिकाण असतं, जाळी लावलेलं मैदान, जिथे लोक पैसे देऊन चेंडू दूर फेकतात आणि आणायला कोणी जात नाही. तिथला कोच माझ्या भाच्याच्या वयाचा, डोळ्यावरचा गॉगल टोपीवर, टोपी उलटी. त्याने मला तीनदा मारायला लावलं आणि म्हणाला, ‘मॅडम, यू आर चॉपिंग. तुम्ही कापताय. आधी काय खेळायचात?’ मी सांगितलं, खेळत नव्हते, केळी तोडत होते. घड उतरवला की केळीचा खांब कोयत्याने तिरका तोडायचा असतो, एका घावात, वरून खाली. आईने शिकवलेला तो घाव खांद्यात बसला आहे. कोच म्हणाला, ‘ते विसरायला लागेल.’ मी त्याला म्हटलं, विसरेन, पण आईला सांगू नका. तो हसला नाही. गोल्फवाल्यांना हसायला आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

सेट घेऊ का, असं मी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, नवशिक्याला सात नंबर आणि फार तर चेंडू हलकेच भोकात ढकलायचा एक पटर पुरे, सेट वर्षभराने. म्हणजे विक्रेता म्हणत होता आत्ताच, कोच म्हणत होता नंतर, नवरा म्हणत होता अजून दोन मॉडेल बघू, आणि साहेब म्हणत होते की भाड्याच्या काठीचा माणूस पाहुणा वाटतो. यातल्या एकाच माणसाच्या हातात माझी खुर्ची होती. मी ठरवलं, एकदा साहेबांच्या रविवारी जाऊन यायचं आणि मग घ्यायचं. दिवाळी होऊन गेली होती. वाडीत सुकेळीची पहिली खेप तयार होती. आईने डबा भरून दिला.

ते मैदान शहराबाहेर होतं आणि इतकं हिरवं होतं की राग यावा. आमच्या भागात केळीला पाणी द्यायचं तर पंप कधी चालेल याची वाट बघावी लागते, आणि इथे खाऊ न शकणाऱ्या गवतावर कारंजी उडत होती. साहेब, त्यांचे दोन मित्र आणि शेजारचं टेबल. साहेबांच्या एकाच हातात मोजा होता. शेजारच्या टेबलाच्या काठ्यांच्या डोक्यांवर लोकरीच्या टोप्या होत्या, एवढं आमच्याकडे बाळंतिणीच्या बाळालाही जपत नाहीत. माझ्या खांद्याला योगाची पिशवी. साहेबांच्या एका मित्राने विचारलं, आत चटई आहे का. सगळे हसले. म्हणजे हसता येतं त्यांना, हे कळलं.

मला वाटलं होतं इथे कंपनीचे निर्णय होत असतील. कुठला माल कोणाकडून घ्यायचा, कोणाला कुठे बसवायचं, हे सगळं झाडाखाली हळू आवाजात चालत असेल. चालत होतं ते असं: गुडघ्याला कोणतं तेल चांगलं, सून कशी बोलत नाही, आणि डॉक्टरने साखर बंद केली तरी चहात अर्धा चमचा चालतो का. शेजारचं टेबल प्रत्येक वाक्याला ‘करेक्ट, सर’ म्हणत होतं. साहेबांचा चेंडू झाडीत गेला की तो स्वतः धावायचा, काठ्या वाहायला ठेवलेली माणसं बाजूला उभी राहून बघायची. साहेब चांगले खेळतात असं सगळे सांगत होते. मी पाहिलं ते एवढंच की ते चुकले की कोणी बोलत नाही.

अर्धा खेळ झाल्यावर एका बाकापाशी थांबलो, तोवर मी नुसती बरोबर चालत होते. साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीपण एक मारून बघा.’ मी चटईच्या पिशवीतून काठी काढली. पुढे छोटं तळं होतं, पलीकडे झेंडा. साहेब बघणार, आज बघतील, हे एकच मनात होतं. कळंबच्या ओल्या वाळूवर उभी आहे असं धरलं, कोयता विसरले, आणि मारलं. तोच आवाज आला. चेंडू सरळ वर गेला, तळं ओलांडलं आणि झेंड्याजवळ मऊ पडला. माझ्या आयुष्यात मी इतकी नीट गोष्ट फार थोड्या वेळा केली असेल.

मी वळले. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. बाकावर माझा डबा उघडला होता आणि चौघांची डोकी त्यावर वाकली होती. साहेब बोट चाटत म्हणाले, ‘मॅडम, हे मी माझ्या मिसेसला सांगतोय कधीचं, बाजारात असं मिळतच नाही.’ त्यांच्या मित्राने विचारलं, अंजीर आहे का. मी सांगितलं, केळं. राजेळी, उन्हात वाळवलेलं, आई स्वतः उलटते. काठी अजून माझ्या हातात होती. कोणी विचारलं नाही, लागला का.

निघताना साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. ‘दर रविवारी यायचं हं, मॅडम. नक्की.’ डबा रिकामा झाला होता. आमच्याकडे कोणी आपल्या हातचं पोटभर खाल्लं आणि पुन्हा या म्हणालं की तो माणूस आपला झाला असं धरतात. सोयरिकीही अशाच जमतात. मीही तसंच धरलं. गाडीत बसल्या बसल्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, सेट घ्यायचा, पूर्ण घ्यायचा, गुलाबी सोडून कुठलाही.

पुढच्या शनिवारी तो दुकानात गेला आणि मी निर्मळला, उद्यासाठी डबा आणायला. अंगणात बाजेवर चटई, चटईवर केळी, आणि आई एकेक उलटत होती. मीही हात धुऊन बसले. बोटं चिकट झाली. नवऱ्याचा फोन आला, ‘कार्ड काढलंय, फक्त एकदा सांग, ग्राफाइट ना?’ मी म्हटलं, थांबा, साहेबांचा फोन येतोय.

साहेब खुशीत होते. ‘मॅडम, शनिवारी त्रास देतोय. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं. ते पोस्ट आपण त्याला देतोय. त्याला तुमचा सपोर्ट लागेल, तुमच्यासारखं काम कोणाला येतं? आणि तो सेटबिट घेण्याच्या भानगडीत पडू नका आता. तुम्हाला घरदार आहे, रविवारी कुठे धावपळ करणार. फक्त ती केळी त्याच्या हाती पाठवत जा. उद्याही पाठवा, सगळे विचारत होते.’

मी बाजेवर पाहिलं. एका माणसाला सगळा हिवाळा पुरली असती एवढी केळी उन्हात पडली होती, सोन्यासारखी.

‘सुकेळी संपली, साहेब,’ मी म्हटलं.

‘अरेरे. मग पुढच्या आठवड्यात?’

‘यंदाची संपली.’

फोन ठेवला. आई उलटायची थांबली होती. ती तिच्या बोलीत जे म्हणाली ते इथे लिहिलं तर वसईबाहेर कोणाला समजायचं नाही. अर्थ असा की खाण्याच्या वस्तूवरून खोटं बोलू नये. मग तिने विचारलं, झालं काय. मी सांगितलं, खुर्ची दुसऱ्याला दिली. तिने एक अर्धवट वाळलेलं केळं उचललं, माझ्या हातात दिलं आणि पुढची ओळ उलटायला लागली. ते अजून ओलसर होतं, दातांना चिकटलं. मी रडले, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. ज्या माणसांचं हसं करण्यात माझी इतकी वर्षं गेली, त्यांनी मला फक्त डबा धरायला बोलावलं होतं, आणि मी त्यासाठी आईचा घाव विसरायला बसले होते.

नवऱ्याचा फोन पुन्हा वाजला. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या बेतात होता.

‘घेऊ का?’

‘एकच घ्या,’ मी म्हटलं. ‘सात नंबरची. सी विंगवाल्यांची त्यांना परत देऊ, त्यांनाही टॉवेल वाळत घालायला लागत असेल.’

‘आणि बाकीचा सेट?’

‘बाकीचा साहेबांसाठी होता.’

संध्याकाळी निघताना आईने सवयीने डबा पुढे केला. ऑफिसात कोणाला बढती मिळाली की काहीतरी घेऊन जायचं असतं, मग ती कोणाला का मिळेना. मी डबा तिच्या हातात परत दिला. तिने नेहमीसारखा आग्रह केला नाही.

सोमवारी शेजारचं टेबल नव्या केबिनमध्ये बसलं. लोकांनी फुलं आणली होती, कोणी पेढे, कोणी केक. मी दारात उभी राहिले तेव्हा त्याने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. ‘मॅडम, डबा?’

मी दोन्ही हात जोडले आणि त्याचं अभिनंदन केलं. डबा धरलेला असता तर हात जोडताच आले नसते.